सीमेवरच्या चुली

सरहद्दीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा खिंडी, चौक्या आणि फौजा यांच्याभोवतीच घोटाळत राहते. सरहद्दीवर माणसे राहतात आणि त्यांनाही पोट आहे, ही साधी गोष्ट त्या गदारोळात विसरली जाते. उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्याची कहाणी या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

अल्मोड्यातून तोडून १९६० साली हा जिल्हा निर्माण करण्यात आला. उत्तरेस तिबेट, पूर्वेस काली नदी व तिच्यापलीकडे नेपाळ. क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आणि लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेनुसार, ४ लाख ८३ हजार. जोहार, दारमा, व्यास व चौदास या उंच खोऱ्यांतील शौका आणि रं समाजांना सरकारी दप्तर ‘भोटिया’ म्हणून ओळखते. उन्हाळ्यात वरच्या गावी व हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात, असे त्यांचे दुहेरी जीवन. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ व कापड लादून ते तिबेटात जात आणि मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परतत. एकोणिसाव्या शतकात तिबेटची मोजणी करणारे नैनसिंह रावत याच जोहारचे.

१९६२ च्या युद्धाने ही अर्थव्यवस्था एका हंगामात मोडली. १९६७ साली या समाजास अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, शिक्षण व नोकऱ्या यांमुळे एक वर्ग पुढेही गेला. परंतु बुडालेल्या उत्पादनव्यवस्थेच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. नोकरी खाली होती, म्हणून माणसेही खाली गेली. लिपुलेखमार्गे व्यापार १९९२ साली मर्यादित स्वरूपात सुरू झाला, तो २०२० साली महामारीत थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो पुन्हा खुला करण्याचे भारत व चीन यांनी मान्य केले, तेव्हा लिपुलेखवर हक्क सांगणाऱ्या नेपाळने आक्षेप घेतला. खोऱ्यातील माणसाच्या उपजीविकेचा निर्णय तीन राजधान्यांत होतो; त्याचे मत मात्र कोणी विचारीत नाही.

मे २०२० मध्ये लिपुलेखच्या रस्त्याचे उद्घाटन झाले. रस्त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण रस्ता हे साधन आहे. ज्या गावात विकण्याजोगे काही पिकत नाही, तेथून तो माणसेच वाहून नेतो. धौलीगंगेवरील २८० मेगावॅटचा प्रकल्प २००५ साली सुरू झाला. त्याची वीज उत्तर भारताच्या जाळ्यात जाते. १९९६ च्या महाकाली करारातील पंचेश्वर धरण उभे राहिले, तर काली व शरयूकाठची सुपीक जमीन पाण्याखाली जाईल. त्याच्या जनसुनावण्या ऑगस्ट २०१७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, घेण्यात आल्या. ज्या दिवसांत दरडी कोसळून वाटा बंद पडतात, त्या दिवसांत शेतकऱ्याने जिल्ह्याच्या गावी येऊन हरकत नोंदवावी, ही लोकशाहीची थट्टा नव्हे काय?

२०२३ साली केंद्राने उत्तर सीमेवरील गावांसाठी ४,८०० कोटींची योजना सुरू केली. सीमेवरचे गाव रिकामे पडणे धोक्याचे आहे, हे सरकारलाही उमगले, ही समाधानाची बाब होय. परंतु पैसा गावाच्या नावाने येणे आणि गावाच्या हाती येणे यांत अंतर आहे. इमारती, स्वागतकमानी आणि पर्यटकांची निवासे यांवर तो खर्च झाला, तर लाभ कंत्राटदाराचा होईल.

डॉ. राममनोहर लोहियांनी हिमालयाविषयी स्वतंत्र धोरणाचा आग्रह धरला, तेव्हा तेथील जनतेशी आपलेपणाचे नाते हा त्याचा गाभा होता. आज त्याचा अर्थ स्पष्ट आहे. वनपंचायतींना जंगलावर खरा अधिकार, अस्कोटच्या परिसरातील वनराजींना २००६ च्या कायद्याप्रमाणे वनहक्क, लोकर व जडीबुटी यांच्यासाठी सहकारी खरेदी, विजेच्या उत्पन्नात खोऱ्याचा वाटा आणि धरणाआधी ग्रामसभेची संमती, या मागण्या पक्षाने संसदेत व रस्त्यावर मांडल्या पाहिजेत.

१९७४ साली काही तरुण अस्कोटहून आराकोटपर्यंत पायी निघाले आणि गावोगाव लोकांचे ऐकत गेले. दर दहा वर्षांनी ती पदयात्रा आजही निघते. कार्यकर्त्यांनी हिमालयाकडे जायचे, ते याच वाटेने. ज्या गावात चूल पेटते, त्या गावाची सीमा राखली जाते. चुली विझल्यावर तेथे फक्त चौकी उरेल.