डाव कागदावर उतरू द्या

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतल्या हौशी बुद्धिबळपटूला खेळ सुधारायचा असेल तर पहिला सल्ला मिळतो तो ‘बाहेर पडा, मोठ्या स्पर्धा खेळा’ असा. पुण्या-मुंबईची रेटिंग स्पर्धा म्हणजे रात्रभराचा प्रवास, काही दिवसांचा मुक्काम, प्रवेश शुल्क आणि बुडालेली शाळा किंवा रजा. एवढा खर्च करून आल्यावर खेळलेल्या डावांकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं जात नसेल, तर तो वाया गेला. हौशी खेळाडू सुधारतो तो तपासलेल्या डावांमुळे. नुसत्या खेळलेल्या डावांच्या संख्येला फारसा अर्थ नाही. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही खेळाडूच्या ताकदीशी सर्वाधिक जुळणारी गोष्ट निघाली ती एकट्याने बसून केलेला गंभीर अभ्यास. स्पर्धांचे तास त्याच्या मागे होते.

पण तपासायला डाव हाताशी हवा. क्लासिकल डावात प्रत्येक चाल लिहिणं बंधनकारक असतं. साठ मिनिटांहून कमी वेळाच्या जलद डावात तशी सक्ती नाही. गावोगावच्या एकदिवसीय स्पर्धा बहुतेक जलदच असतात. संध्याकाळी मुलाच्या हाती चषक येतो, प्रमाणपत्र येतं, पण डाव एकही येत नाही. याउलट स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळातला उरलेला वेळ टिपून ठेवला (नियमाने तशी मुभा आहे), तर हरण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं: सतराव्या चालीला वीस मिनिटं घालवून प्यादं सरकवलं आणि अठराव्या चालीला दहा सेकंदांत घोडा फुकट दिला. मग हा खेळाडू ओपनिंगचं नवं पुस्तक घेऊन काय करणार? त्याचा दोष वेळ वाटण्यात आहे.

मोबाईलवरचं इंजिन क्षणात चूक दाखवतं, मग ही लिखापढी कशाला, असं कुणी विचारेल. इंजिन योग्य चाल सांगतं. ती आपल्याला का दिसली नाही, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी स्वतः डाव उलगडावा, शंका लिहाव्यात आणि मगच इंजिन उघडावं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिल्ह्यात तगडे प्रतिस्पर्धी नसतील तर कितीही तपासलं तरी मर्यादा येणारच. हे खरंच आहे, आणि बाहेर जावंच लागेल. जुलै २०२५मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख काही घरबसल्या घडली नाही. तिचं उदाहरण देऊन लहान गावातल्या मुलांना नुसती जिद्द शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं; तिला लहानपणापासून प्रशिक्षक होते. मात्र बाहेर जाण्याआधीची तयारी गावातच व्हायला हवी. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून वर्षानुवर्षं हेच केलं, आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू त्या शहरातून पुढे आल्या.

हिंगोलीत पाच तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी शाळेची एक खोली, चार घड्याळं आणि स्कोअरशीटचा गठ्ठा एवढं जमलं तरी सुरुवात होते. नव्वद मिनिटं आणि चालीमागे तीस सेकंद धरले तर साठ चालींचा डाव फार तर चार तास चालतो. रविवारी सकाळी एकच डाव खेळावा आणि दुपारी दोघांनी तोच पट पुन्हा मांडून पहिल्या चालीपासून बोलावं. चषकांच्या खर्चातली थोडी रक्कम आयोजकांनी इकडे वळवावी.