खापराला ठिकाण असते

लग्नाचा बस्ता म्हटला की आपल्या भागातली मंडळी सुरतेची गाडी पकडतात. उधना, लिंबायत, दिंडोली या वस्त्यांत अहिराणी सहज कानावर पडते. कुणाचा मामा, कुणाची मावशी तिथे असतेच. साड्यांचे मार्केट होते, घारी खाऊन होते, डुमसचा समुद्रही पाहून होतो. पण सुरतेचे संग्रहालय पाहून आलो असे सांगणारा मात्र विरळा.

खरे तर हे संग्रहालय बरेच जुने. १८९० साली ते विंचेस्टर म्युझियम या नावाने सुरू झाले. आज ते सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने ओळखले जाते आणि सिटी लाइट रोडवरच्या सायन्स सेंटरमध्ये आहे. शिवाय चौकात, तापीच्या काठावर, सोळाव्या शतकातला किल्ला आहे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी खुदावंदखानाने तो बांधला. महापालिकेने त्याची दुरुस्ती करून आत संग्रहालय उभारले आहे.

यावर घरातली मुले म्हणतील, "एवढे कशाला हिंडायचे? मोबाइलला सांगितले की सगळे दिसते!" त्यांचे अगदीच चूक नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे एआयला, "१६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले ते दाखव" असे सांगा. क्षणात घोडे, धूळ, मशाली हजर! कदाचित उंच डोंगरावरचा बुलंद किल्लाही त्यात असेल. पण सुरतेला डोंगर कुठला? हा किल्ला सपाट जमिनीवर, नदीला लागून आहे. महाराज शहरात आले तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. तटाजवळ उभे राहिले की कळते, शहर त्याला किती जवळ होते. धन्याविना पडलेल्या त्या शहराची अवस्था तिथे जशी मनाला भिडते, तशी चित्रात भिडत नाही.

चित्रात कल्पना असू नये असे नाही. आपले चित्रकारही कल्पनेनेच रंगवत आले. अडचण वेगळी आहे. माहीत किती आणि अंदाज किती, हे यंत्राचे चित्र आपणहून सांगत नाही. त्यात कोरी जागा नसते. पगडी कशी होती ठाऊक नसेल तरी पगडी रंगवलेली असतेच, आणि पाहणाऱ्या मुलाला ती खरी वाटते.

जितके मागे जावे तितका हा घोटाळा वाढतो. आपण प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला जातो. तिथेच, तापी आणि गोमाईच्या संगमावर, १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आणले. शहादे तालुक्यातल्या सावळदा गावाचे नाव तर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला मिळाले आहे. तिच्या मडक्यांवर हत्यारांची चित्रे रंगवलेली आढळतात. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव मुलांना सांगितले आहे?

त्या काळाविषयी कुणी लिहून ठेवलेले नाही. साक्ष द्यायला आहेत ती खापरे. खापर हातात घेतलेल्या संशोधकाला आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांच्या रेषा दिसतात, बाहेर चुलीची काजळी दिसते. पण त्याहून मोलाची असते ती नोंद: कोणते गाव, कोणता खड्डा, कितवा थर. खालचा थर सामान्यतः आधीचा, वरचा नंतरचा, या हिशेबावर सगळा इतिहास उभा राहतो. नोंद हरवली की खापर मुके होते. खापराला ठिकाण असते, यंत्राने काढलेल्या मडक्याला नसते. संग्रहालय नुसती वस्तू सांभाळत नाही, तिचा पत्ताही सांभाळते. उद्या कुणी खोटे चित्र पुढे केले, तर ताडून पाहायला हीच जागा उरते.

एआयला वैरी मानायचे कारण नाही. इटलीत इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम गावातल्या पोथ्यांच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. अठराव्या शतकात त्या सापडल्या, पण उलगडायला जावे तर चुरा होई. २०२३ साली क्ष-किरणांनी घेतलेल्या प्रतिमा आणि एआय यांच्या मदतीने, न उघडलेल्या गुंडाळीतला एक शब्द वाचता आला. तो होता 'जांभळा'! हे घडले कशामुळे? अडीचशेहून अधिक वर्षे कुणीतरी तो कोळसा जपून ठेवला म्हणून. उलट २०१८ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक गेल्या. लोकांनी जुने फोटो गोळा केले, पण फोटोवरून नवी तपासणी कशाची करणार?

म्हणून, वाचकहो, पुढच्या सुरत फेरीत दोन तास राखून ठेवा. बंदचा वार आधी विचारून घ्या. सुरत लांब पडत असेल तर धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहेच. मुलांना सगळी दालने पळवत दाखवू नका. प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी आणि तिच्यासमोर पाच मिनिटे थांबावे. पाटीवर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, ते वहीत टिपावे. घरी आल्यावर त्याच वस्तूबद्दल मोबाइलला विचारावे आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. एवढ्याने मूल विचारायला शिकेल, "हे तुला कशावरून कळले?"

आणि हो, तापीकाठच्या शेतात नांगराला रंगीत खापर लागले, तर ते घरच्या कपाटात जाऊ देऊ नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा, आणि तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवा. एकदा जागेवरून हलले की त्याचे गाव त्याला परत देता येत नाही.