दूध सोसत नाही, म्हणून सोडावे का?

‘डॉक्टर, दूध घेतले की पोट फुगते, जुलाब होतात; म्हणून ते बंदच केले,’ असे अनेक ज्येष्ठ सांगतात. दूध थांबवताच पोट शांत होते खरे. परंतु त्याबरोबर कॅल्शिअमचा एक सुलभ स्रोतही आहारातून निघून जातो. उतारवयातील हाडांना हे परवडणारे नसते. म्हणून या तक्रारीचे मूळ समजून घेऊ.

शरीरातील बहुतेक रासायनिक क्रिया विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, घडवून आणतात. क्रियेचा वेग ती कित्येक पटींनी वाढवतात. स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये त्यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली. दुधातील लॅक्टोज ही शर्करा कुलूप मानली, तर लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर तिची किल्ली होय. लॅक्टोजचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे विभाजन झाल्यावरच ते रक्तात शोषले जाते.

बालपणानंतर पुष्कळांच्या शरीरात लॅक्टेज कमी होत जाते. आतड्याच्या आजारानंतरही ते घटू शकते. मग न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचते. ते पाणी ओढून घेते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि पोटात वायू धरतो. दूध कितीही उकळले किंवा साय काढली, तरी लॅक्टोज जात नाही.

मात्र लॅक्टेज सहसा पूर्णपणे संपलेले नसते. म्हणून पेलाभर दुधाऐवजी अर्धा कप, तेही जेवणासोबत, घेऊन पाहावे. दही बहुधा सोसते. कारण विरजणातील जिवाणू काही लॅक्टोज आधीच वापरतात आणि त्यांचे विकर आपल्या आतड्यातही साहाय्य करते. पातळ ताकातून मात्र कॅल्शिअम कमी मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शिअम असते; तिची भाकरी वा आंबील आहारात असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा जुलाबामुळे रात्री झोपमोड होणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुधाला दोष देत बसू नये. तपासणी त्वरित करून घ्यावी.