थवा हाकला, पण मोजला का?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय निघाला की 'स्वार्म रोबोटिक्स' हा शब्द हमखास कानावर येतो. त्यात चुंबकावर चालणारे सूक्ष्मरोबोट म्हणजे तर एकदम भारी काम! हजारो रोबोट शरीरात शिरणार, एकजुटीने रोगापर्यंत जाणार. पण या विषयात 'कंट्रोल' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे रोबोट आहेत तरी काय? बरेचसे केसाच्या जाडीहूनही लहान. आत बॅटरी नाही, मोटर नाही. बाहेरच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र हेच त्यांचं इंजिन आणि तोच त्यांना मिळणारा हुकूम. एवढ्या लहान जिवाला पाणीसुद्धा काकवीसारखं घट्ट लागतं. शिंपल्यासारखी नुसती उघडझाप करून तिथे पुढे सरकता येत नाही, हे एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये दाखवलं. म्हणून अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी २००९ मध्ये चुंबकीय लेप दिलेले काचेचे अतिसूक्ष्म स्क्रू बनवले. क्षेत्र फिरलं की स्क्रू फिरतो आणि पुढे जातो.

खरी गंमत थव्यात आहे. कॉइल एक, हुकूम एक आणि ऐकणारे हजारो! जत तालुक्यातल्या पोरांना हे वेगळं समजवायला नको. माडग्याळ मेंढ्यांचा कळप रानातून निघतो, तेव्हा मेंढपाळ प्रत्येक मेंढीच्या कानात काही सांगत नाही. एक हाळी पुरते. बाकीचं मेंढ्या शेजारणीकडे बघून करतात. रोबोटांना डोळे नाहीत, पण चुंबकित कण एकमेकांना ओढतात आणि एकाने ढवळलेला द्रव दुसऱ्याला खेचतो. त्यातूनच साखळ्या, पट्टे, भोवरे तयार होतात. क्षेत्राची दिशा आणि वारंवारता बदलली की थवा पसरतो, आवळतो, नाहीतर फुटतो.

वारंवारता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की स्क्रूला क्षेत्राबरोबर फिरणं झेपत नाही. ही मर्यादा प्रत्येक स्क्रूची थोडी वेगळी असते. म्हणजे मागे राहणारे असणारच!

माझा मुद्दा नेमका इथे आहे. कळप हाकता येणं ही मेंढपाळाची अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी संध्याकाळी, मेंढ्या वाघरात घेताना, मोजणीच्या वेळी होते. समजा, थव्यातले शंभरातले नव्वद ठिकाणावर पोचले. व्हिडिओ झकास दिसेल, टाळ्याही पडतील. उरलेले दहा कुठल्या रक्तवाहिनीत अडकले, ते कोण सांगणार? शेवटी शरीर कुणाचं तरी असतं राव!

कुणी म्हणेल, विरघळणारे रोबोट करू, मग परत आणायची कटकटच नको. मान्य. पण मग कुठे विरघळतात, किती वेळात आणि मागे काय उरतं, हे दाखवावं लागेल. मोजणी काही चुकत नाही.

आणि परत आणणं अशक्य आहे असंही नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घोष यांच्याच गटाने २०२२ मध्ये दाताच्या नमुन्यांवर काम केलं. दातातल्या बारीक नलिकांमध्ये रोबोट सुमारे २,००० मायक्रोमीटर, म्हणजे २ मिलिमीटर खोल नेले, चुंबकीय क्षेत्राने तापवून जंतू मारले आणि रोबोट परतही आणता येतात हे दाखवलं. मला त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोठं वाटतं.

आपल्या लॅबमध्ये दात नकोत. काटकोनात ठेवलेल्या कॉइलच्या दोन जोड्या, त्यांत ९० अंशांच्या फेजफरकाने प्रवाह, पेट्री डिशमध्ये लोह ऑक्साइडचे कण आणि कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप; एवढ्यावर थवा नाचवता येतो. फक्त रिपोर्टमध्ये फोटोखाली तीन आकडे लिहा: किती सोडले, किती पोचले, किती परत आले. आणि सरांनी व्हायवात तिसऱ्या आकड्याला सर्वाधिक मार्क द्यावेत, ही नम्र विनंती!