बाल्कनीतून वायर सोडू नका, पार्किंगमध्ये थ्री-फेज आणा

अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला आणि नवी मुंबईतल्या उलव्याहून मुंबईतली शिवडी जवळ आली. ऑगस्ट २०२५पासून विजेवरच्या चारचाकींना सेतूवर टोलमाफी मिळाली, त्यामुळे रोज मुंबई गाठणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिक गाडीचे गणित अधिकच जमू लागले. गाडी रात्री चार्ज कुठे करायची, हा प्रश्न मात्र सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये येऊन अडतो. मग घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगला एक्स्टेन्शन लावून वायर बाल्कनीतून खाली सोडण्याचा मोह होतो. हा मार्ग बंद व्हायला हवा आणि त्याऐवजी सोसायट्यांनी पार्किंगसाठी स्वतंत्र थ्री-फेज पॅनेल बसवायला हवे.

घरगुती सिंगल-फेज पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ३.३ किलोवॉटचा साधा चार्जर त्यावर जवळजवळ १५ अँपिअर करंट घेतो, तोही तासन्‌तास. गिझर काही मिनिटांत बंद होतो, गाडी पहाटेपर्यंत चालू राहते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४० मीटर खाली नेली, तर जाण्यायेण्याच्या ८० मीटर तारेत सुमारे १५ व्होल्ट वाया जातात आणि २२० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. प्लग सैल असेल तर पिनांभोवतीचे प्लॅस्टिक आधी पिवळे, मग तपकिरी पडते आणि शेवटी वितळते. खाडीकाठची दमट, खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्या जोडांना आणखी कमकुवत करतात.

व्होल्टेज वाढले की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो. ७.४ किलोवॉटसाठी सिंगल-फेजवर ३२ अँपिअर लागतात, तर ४०० व्होल्टच्या थ्री-फेजवर प्रत्येक फेजमध्ये सुमारे ११. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रत्येक फेजच्या तारेत ती जवळपास नऊपट कमी होते. लिफ्ट आणि पाण्याचे पंप थ्री-फेजवर चालतात, त्यामागे हेही एक कारण आहे. अनेक गाड्यांचा आतला चार्जर सिंगल-फेजचाच असतो, त्यांना २३० व्होल्टच द्यायचे असतात. पण पॅनेलमुळे पाच-सहा गाड्यांचा भार तिन्ही फेजवर सारखा वाटता येतो. याचा अर्थ वायरमनने दोन फेज एका सॉकेटमध्ये जोडावेत असा मुळीच नाही. तसे केले तर २३० व्होल्टच्या उपकरणात ४०० व्होल्ट शिरतात. न्यूट्रल तुटला तरी भार असमान असलेल्या घरांत व्होल्टेज भलतेच चढते आणि टीव्ही-फ्रिज जळतात. म्हणून हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच आहे. नीट अर्थिंग, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी आणि गळणारा करंट ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांत तडजोड चालणार नाही.

‘गाड्या दोन-तीन, खर्च सगळ्यांनी का सोसायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर खर्चाच्या वाटणीत आहे. मुख्य केबल आणि पॅनेल सोसायटीने एकदाच करावे, पुढची वायर, सब-मीटर आणि विजेचे बिल ज्याच्या त्याच्याकडे राहावे. गाड्या वाढल्यावर प्रत्येकाने वेगळी वायर ओढणे जास्त महाग आणि जास्त धोक्याचे ठरेल. ‘महावितरण जोडणी देणार का?’ ही शंकाही घेतली जाते. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ग्राहकाने मागणी केल्यास वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. आगीच्या भीतीने चार्जिंगवर सरसकट बंदी घालणाऱ्या समित्यांनीही विचार करावा, कारण बंदीने चार्जिंग थांबत नाही, ते लपूनछपून सुरू राहते.

तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आधी हा विषय घ्या. इमारतीचा मंजूर भार तपासून घ्या, महावितरणकडे अर्ज करा आणि पॅनेल लागेपर्यंत बाल्कनीतून खाली येणारी प्रत्येक वायर काढायला लावा.