पोलिसी मोटारीची साक्ष कोण देणार?

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर गर्दी लोटते, रहदारी अन्य रस्त्यांनी वळविली जाते आणि बंदोबस्ताच्या गाड्या जागोजागी उभ्या राहतात. त्या गाड्या खरोखरच पोलिसांच्या आहेत काय, अशी शंका कोणाच्याही मनात येत नाही. रंग, छपरावरचा दिवा आणि दारावरची अक्षरे एवढ्यावर नागरिक विश्वास टाकतो. हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या जीपविषयी विचारला, तर मात्र उत्तर अवघड होऊन बसते. दिवा गेलेला असतो, अक्षरे पुसलेली असतात, रंगाचे चार थर चढलेले असतात आणि ‘ही मूळची पोलिसांची’ एवढा विकणाऱ्याचा शब्द तेवढा उरतो.

जुन्या मोटारींचे शौकीन अशा वेळी गाडीचे अंग तपासतात. छपराला दिव्यासाठी पाडलेले भोक, बिनतारी यंत्रासाठी डॅशबोर्डखाली बसविलेली पट्टी, अँटेनाची खूण, बिजागरीच्या आड राहून गेलेला जुना रंग, या गोष्टी ते शोधतात. हा शोध निरर्थक नाही. तथापि तो निर्णायकही नाही. छपराचे भोक निवडणुकीच्या प्रचाराचा भोंगा बसविणाऱ्यानेही पाडलेले असू शकते, आणि चित्रपटातील फौजदारासाठी रंगविलेल्या जीपवरही पोलिसी रंगाचा थर सापडतो. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या क्राउन व्हिक्टोरिया या गाडीच्या पोलिसी आवृत्तीची ‘पी ७१’ ही खूण चॅसीच्या क्रमांकातच असे. आपल्याकडे मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जुळणी होऊ लागलेली जीप शेतकऱ्यानेही वापरली आणि फौजदारानेही. पत्र्याला विचारून उत्तर मिळेल, ही आशा म्हणूनच फोल आहे.

खरी साक्ष कागदाची. चॅसी व इंजिनाचा क्रमांक, पहिल्या नोंदणीतील मालकाचे नाव, मालकी बदलल्याची नोंद, खात्याने केलेल्या लिलावाची पावती आणि पोलिसांच्या मोटार परिवहन विभागाचे दप्तर, ही साखळी जुळली तर वाद संपतो. एक कडी तुटली तर उरते ती आख्यायिका. १९८९ मध्ये नवी क्रमांकपद्धती आली आणि ठाण्याला ‘एमएच ०४’, कल्याणला ‘एमएच ०५’ ही ओळख मिळाली. त्यापूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकांचा माग काढायचा तर जुनी नोंदणीपुस्तके जपलेली असावी लागतात.

हा केवळ हौशी मंडळींचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु कायद्यानेच त्याला आता वेगळे महत्त्व दिले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली वैयक्तिक वापराची मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. म्हणजे सारा हिशेब त्या पहिल्या नोंदीपासून सुरू होतो, आणि पहिल्या मालकाचे नावही त्याच नोंदीत असते. उलट १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून त्या अधिकृत केंद्रात मोडीत काढावयाच्या आहेत. कायदा व सुव्यवस्थेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व अन्य विशेष वाहनांचा तेवढा अपवाद. जुनी, धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून जावीत, हे योग्यच आहे. पण पंधराव्या वर्षी जी गाडी मोडली जाणार, ती पन्नाशी गाठणार कशी? यापुढे सरकारी ताब्यातील साधी पोलिसी गाडी ‘व्हिंटेज’ होणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच पूर्वीच्या लिलावांतून ज्या थोड्या गाड्या वाचल्या, त्यांचे कागद अधिक मोलाचे ठरतात.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यावर गोळीबार करून दहशतवाद्यांनी त्यांचीच पोलिसी क्वालिस पळविली, आणि पुढे मेट्रो चित्रपटगृहापाशी त्याच गाडीतून लोकांवर गोळ्या झाडल्या. पोलिसी गाडीवरचा विश्वास हाच त्या क्षणी घातक ठरला. ज्या खुणांत एवढे सामर्थ्य आहे, त्या खुणांसह गाडी बाजारात जाता कामा नये. आणि त्या पुसल्या गेल्या, तर तिचा इतिहासही सोबत पुसला जाता कामा नये. या दोन अपेक्षा परस्परविरोधी भासतात, पण नाहीत. खुणा गाडीवरून काढाव्यात, त्यांची नोंद दप्तरात राहावी.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गाडी लिलावात वा मोडीत काढताना तिचे क्रमांक, सेवेचा काळ, ज्या ठाण्यात ती होती त्याचे नाव आणि एक छायाचित्र एवढे कायमच्या नोंदवहीत ठेवावे. खरेदीदारास दिवा व अक्षरे काढल्याचा दाखला द्यावा, आणि पुढे कोणी चॅसीचा क्रमांक देऊन विचारणा केली, तर माफक शुल्कात उत्तर मिळावे. प्रत्येक प्रकारच्या गाडीचा एखादा नमुना, चालविण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी, राखून ठेवावा.

ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ मध्ये स्थापन झाले. त्या वर्षी नोंदविलेली एखादी पोलीस जीप कोठे खासगी हाती शाबूत असेल, तर २०३१ नंतर ती व्हिंटेज म्हणवून घेण्यास पात्र ठरेल. तिचा मालक त्या दिवशी सरकारदरबारी जाऊन विचारील की ही तुमचीच होती काय. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर देता यावे, एवढी तरतूद आजच्या कारकुनाच्या टेबलावर व्हावयास हवी. लोखंडाला गंज चढणारच; दप्तराला तो चढू देणे मात्र आपल्या हाती आहे, आणि न देणेही.