वाट चुकणे आणि विसरणे

उन्हाळा सुरू झाला की मंडळाच्या पिकनिकला झाडाखालच्या खुर्च्यांवर आजी-आजोबांची एक वेगळी रांग बसलेली दिसते. मे महिन्यात आलेले, सप्टेंबरात परत जाणारे. त्यांच्यापैकी कोणीतरी एखाद्या सकाळी फिरायला बाहेर पडते आणि घराची वाट चुकते. मग एखादा शेजारी त्यांना गाडीतून घरी आणून सोडतो आणि रात्री जेवताना त्याचा किस्सा होतो. आमच्याही घरी झाला. तो किस्सा आम्ही दोन वर्षे हसत हसत सांगत होतो. ते हसणे पुढे महागात पडले, म्हणून हा लेख.

माझे वडील, दादा, २०१६ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत आमच्याकडे आले होते. वय ७६. एका सकाळी फिरायला गेले ते दोन तासांनी सापडले, आमच्या घरापासून तिसऱ्याच गल्लीत, एका अनोळखी घराच्या पायरीवर बसलेले. "इथे सगळी घरे एकसारखी, माणूस चुकणारच," असे मी म्हणालो. बायकोला मात्र शंका आली. ती म्हणाली, "अहो, २०१० साली दादा याच वसाहतीत रोज एकटे फिरत होते की!" मी तो विषय उडवून लावला. कारण दादांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली होती. मुदत ठेवींच्या तारखा तोंडपाठ, नातवाचा फोन नंबर तोंडपाठ. पुण्यातल्या डॉक्टरांनीही वार, तारीख, पंतप्रधान कोण, असे विचारले, दादांनी सगळे बरोबर सांगितले आणि "वयोमानाने होते" यावर प्रकरण मिटले.

२०१८ च्या पावसाळ्यात मंडईतून भाजी घेऊन सदाशिव पेठेतल्या घरी येताना दादा शनिपारापाशी उभे राहिले आणि पुढे कुठे वळायचे ते त्यांना कळेना. ज्या रस्त्याने ते पन्नास वर्षे चालले तो रस्ता! त्या वर्षअखेर अल्झायमरचे निदान झाले.

मी डॉक्टर नाही, सिव्हिल इंजिनीअर आहे. आयुष्य रस्ते आणि पूल यांत गेले. त्यामुळे निदानानंतर जे वाचले त्यात मला सर्वांत लक्षात राहिली ती मेंदूतली रस्तेजोडणी. वाट शोधणे हे मेंदूच्या एकाच भागाचे काम नाही. निरनिराळी कामे करणारे भाग एकमेकांशी जोडलेले असतात, आणि ती जोडणी टिकली तरच माणूस घरी पोहोचतो.

यातला पहिला भाग हिपोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर, साधारण करंगळीएवढा, दोन्ही बाजूंना एकेक. मूळचे न्यूयॉर्कचे जॉन ओकीफ यांना १९७१ साली लंडनमध्ये उंदरांवर काम करताना तिथे अशा पेशी आढळल्या की उंदीर खोलीतल्या एका विशिष्ट जागी आला की एक पेशी जागी होते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. त्याला लागूनच असलेल्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या नॉर्वेतल्या दांपत्याला २००५ साली वेगळ्याच पेशी सापडल्या. त्यांतली एकेक पेशी ठरावीक अंतरावरच्या अनेक बिंदूंवर जागी होते. ते बिंदू कागदावर मांडले तर आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी षटकोनी जाळी दिसते. अंतर मोजायची ही मेंदूची फूटपट्टी. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या पेशी त्याआधीच, १९८४ साली, आपल्या शेजारच्या ब्रुकलिनमध्ये जेम्स रँक यांनी नोंदल्या होत्या.

नकाशा झाला, फूटपट्टी झाली, होकायंत्र झाले. पण नकाशा सांगतो "घर उत्तरेला", आणि पायांना हवे असते "डावीकडे की उजवीकडे". हे भाषांतर करायला डोक्याच्या मागच्या बाजूला, मध्यभागी, रेट्रोस्प्लेनियल नावाचा भाग मदत करतो. त्याचे एक टोक हिपोकॅम्पसशी, दुसरे डोळ्यांनी दिसणाऱ्या जगाचा हिशेब ठेवणाऱ्या भागांशी जोडलेले. शनिपाराच्या कट्ट्यापाशी उभे राहून "म्हणजे आता उजवीकडे" हे जे आपल्याला क्षणात उमगते, ते इथे.

अल्झायमरचा घाला नेमका या जोडणीवर पडतो. १९८४ साली आयोवातल्या संशोधकांनी दाखवले की या आजारात हिपोकॅम्पसला बाहेरच्या मेंदूशी जोडणाऱ्या, आत आणणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या, नेमक्या पेशी नष्ट होतात. गाव शाबूत, पण नदीवरचे पूल पडलेले. एन्टोरायनल भागात तर हा आजार लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी शिरतो. म्हणून काही माणसांत नावे, तारखा, आकडे जागेवर असताना वाट आधी हरवते. दादांचे तेच झाले. आणि आपण तपासतो काय, तर पंतप्रधानांचे नाव!

याचा अर्थ वाट चुकलेल्या प्रत्येक आजोबांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावे असे नाही. नव्या जागी कोणीही चुकते. आपल्या वसाहतींत तर चुकण्याची सोयच केलेली असते. पुण्यात पत्ता सांगताना मारुतीचे देऊळ येते, पिठाची गिरणी येते. इथे सांगायला काय, तर तपकिरी गॅरेज, आणि तेही बाराच्या बारा घरांना. माणूस कुठे वाढला याचाही फरक पडतो. ३८ देशांतल्या जवळजवळ चार लाख लोकांना मोबाईलवर वाट शोधण्याचा खेळ खेळायला देऊन केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. शिकागोसारख्या काटकोनी रस्त्यांच्या शहरांत वाढलेल्यांना वेड्यावाकड्या वाटा जड गेल्या. आपल्या पेठांत वाढलेली मंडळी यात पुढे असणार, पण हा माझा पुणेरी अंदाज, शास्त्र नव्हे.

तेव्हा प्रश्न विचारायचा तो एवढाच: ओळखीच्या जागी चुकले का? मागच्या खेपेला जी वाट येत होती ती या खेपेला गेली का? नेहमीच्या इंडियन ग्रोसरीत मागच्या दाराने बाहेर पडतात का, रात्री बाथरूमऐवजी कपाटाचे दार उघडतात का? असे दोन-चार वेळा घडले तर तारीख-वार घालून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तो कागदच द्या. ज्यांना मेडिकेअर आहे त्यांच्या वार्षिक वेलनेस व्हिजिटमध्ये स्मरण आणि आकलन यांची पाहणी धरलेली असते. ती उरकून टाकू देऊ नका.

आता थोडे आपल्याबद्दल. आईवडील आले की आपण त्यांना सगळीकडे गाडीतून नेतो आणि "एकट्या जाऊ नका हं" म्हणून बजावतो. त्यात काळजी असते, मान्य. पण मागच्या सीटवर बसून कोणाला रस्ता पाठ झाला आहे? पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर रोज चाला, येताना त्यांना पुढे ठेवा, वळण त्यांनाच ठरवू द्या. खिशात पत्त्याचे कार्ड आणि फोन असू द्या. असे चालल्याने आजार टळतो असे मी म्हणत नाही. पण त्यांची नेहमीची रीत काय आहे हे तुम्हाला माहीत होईल, आणि ते माहीत असल्याशिवाय बिघडलेले कळणार कसे?

उशिरा कळण्याचा फटका खिशालाही बसतो, आणि यावर आपल्या बैठकींत फारसे कोणी बोलत नाही. दादांनी पुण्याच्या फ्लॅटसाठी ताईच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. निदानानंतर इमारतीचा पुनर्विकास निघाला, सह्यांची वेळ आली, आणि वकिलांनी सांगितले की ते आता चालणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची विचारशक्ती गेली की मुखत्यारी संपते. अमेरिकेत ड्युरेबल पॉवर ऑफ अॅटर्नी असते, ती अशा वेळी टिकते, तिचा उपयोगच तेव्हा असतो. आपण तेच गृहीत धरून चालतो. भारतात मग न्यायालयात जाऊन पालक नेमून घेण्याची वेळ येते. आमचे दीड वर्ष त्यात गेले. २०१६ साली बायकोचे ऐकले असते तर दादांनी हा व्यवहार स्वतःच्या समजुतीने, स्वतःच्या सहीने मार्गी लावला असता.

आपल्या स्वतःच्या बाबतीतही हेच. ७०-८० च्या दशकांत आलेले आपण आता सत्तरी ओलांडतो आहोत. मेडिकेअर दीर्घकाळच्या रोजच्या देखभालीचा, म्हणजे आंघोळ घालणे, भरवणे, सोबत करणे याचा, खर्च देत नाही. लाँग-टर्म केअरचा विमा निदान झाल्यावर मिळत नाही. ग्रीन कार्डवर आलेल्या ६५ वरच्या आईवडिलांना सलग पाच वर्षे इथे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. इथे नोकरी केलेली नसल्याने पार्ट ए साठीही हप्ता भरावा लागतो, तो धरून हिशेब करा.

अल्झायमर्स असोसिएशनची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते: १-८००-२७२-३९००. तिथे दुभाषाही मागता येतो.